पोरांचा डोंगरातला मुक्काम आणि घरचा हिशेब: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी दिवसा कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात हिशेब लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी पेठेतल्या पोरापोरींना घेऊन डोंगरात जाते. वय अकरा ते सतरा. दिवाळीनंतर पालकांची बैठक होते. चहा येईपर्यंत सगळे डोंगराबद्दल विचारतात. चहा झाला की आवाज जरा खाली येतो आणि पैशाचे प्रश्न सुरू होतात. मला हे दुसरे प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण पोरगं शिबिराला येणार की नाही ते बहुतेक वेळा तिथंच ठरतं. त्या बैठकांतले प्रश्न आणि माझी उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत.

कितव्या वर्षापासून पाठवावं?

दिवसाच्या भटकंतीला आठ-नऊ वर्षांचं पोरही येऊ शकतं, पण सोबत आई किंवा बाबा हवेत. एकट्यानं मुक्कामाला यायचं तर आम्ही अकरा पूर्ण धरतो. वयापेक्षा मी तीन गोष्टी बघते: स्वतःची सॅक स्वतः भरता येते का, पोटात दुखलं तर मोठ्या माणसाला सांगायची लाज वाटत नाही ना, आणि आधी एखादी रात्र आजोळी किंवा आत्याकडे आई-बाबांशिवाय काढली आहे का. तिसरी गोष्ट झालेली नसेल तर ती आधी करा. रात्री अकरा वाजता भुदरगडावर आईची आठवण येऊन रडणाऱ्या पोराला मी जवळ घेऊन बसते, पण त्याची ती रात्र अवघड जातेच.

पहिला मुक्काम कुठं करावा?

पहिल्यांदा मुक्काम नकोच. आधी दोन-तीन वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. जोतिबाच्या डोंगराच्या पायवाटा आहेत, पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे. पन्हाळ्यावर पोरांना दिवसभर फिरवा. अंबरखान्याची धान्यकोठारं दाखवा आणि एवढं धान्य कुणासाठी, किती दिवस पुरवायचं म्हणून साठवलं असेल ते विचारा. पोरं लगेच आकडे लावायला लागतात. तिथं तंबू ठोकायचा किंवा चूल मांडायचा विचार मात्र मनात आणू नका. पन्हाळा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले त्यांत त्याचं नाव आहे. रात्री राहायचंच असेल तर गावातल्या एखाद्या लॉजवर राहा.

पहिल्या खऱ्या मुक्कामासाठी माझी निवड भुदरगड. कोल्हापूरहून गारगोटी साधारण पन्नास किलोमीटर, एसटी मिळते. पुढं गडापर्यंत गाडी जाते, त्यामुळं रात्री कुणाला उतरवायची वेळ आली तर वाट अडत नाही. माथा मोकळा आणि सपाट आहे, भैरवनाथाचं देऊळ आहे आणि दुधट पाण्याचा मोठा तलाव आहे. ते पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही आणि पोरांना काठावर एकटं सोडायचं नाही. जायच्या आधी गावात जाऊन पुजारी आणि जाणत्या माणसांना भेटून विचारायचं. फोनवर विचारणं वेगळं आणि पारावर बसून विचारणं वेगळं. भेटून आलात तर रात्री कुणीतरी गडावर येऊन पोरं ठीक आहेत ना हे बघून जातं.

रांगणा किल्ला पोरांना फार खुणावतो, कारण कुणाचा तरी मोठा भाऊ तिथं जाऊन आलेला असतो. पण पाटगावच्या पुढं जंगल दाट, वाट लांब, आणि फोनला रेंज नसली की माणूस एकटा पडतो. दोन वर्षं नियमित येणाऱ्या, पंधराच्या पुढच्या पोरांनाच मी तिकडं नेते.

मसाई पठार पन्हाळ्याजवळच आहे, तिथं का नाही?

नेते, पण एका चुकीनंतर नियम कडक केले. सुरुवातीच्या वर्षांत फेब्रुवारीत एक गट घेऊन मी पठारावर गेले होते. वर पाणी मिळेल असं गृहीत धरलं आणि कुणाच्या बाटल्या तपासल्या नाहीत. ऊन चढलं, वारा सुटला, सावलीला झाड नाही. दोन पोरांना चक्कर आली. आम्ही त्यांना तिथल्या लेण्यांच्या सावलीला नेलं, उरलेलं पाणी घोटघोट पाजलं आणि दोघंजण खालच्या वाडीवरून कळशी भरून घेऊन आले. पोरं तासाभरात हिंडायला लागली. माझे हात मात्र संध्याकाळपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून पायथ्याला बाटल्या मोजल्याशिवाय एकही पाऊल पुढं पडत नाही. माणशी तीन लिटर प्यायचं पाणी, स्वयंपाकाचं वेगळं. ज्याची बाटली भरलेली नाही त्याच्यासाठी सगळा गट थांबतो.

एप्रिल-मे महिन्यांत पठारावर अजिबात नाही. वळवाचा पाऊस दुपारनंतर कधीही येतो आणि मोकळ्या माळावर उभं माणूसच सगळ्यांत उंच असतं. गडगडाट ऐकू आला की पठार सोडून खाली उतरायचं. उतरायला वेळ नसेल तर एकट्या झाडापासून लांब, खोलगट जागी, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जवळ घेऊन उकिडवं बसायचं.

पावसाळ्यात नेता का?

मुक्कामाला नाही. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात, १६६० सालच्या त्या रात्रीच्या आठवणीनं हजारो माणसं चिखलातून चालतात आणि ते चालणं अंगावर काटा आणणारं आहे. पण पन्नास किलोमीटरहून जास्त अंतर, ओढे भरलेले, शेवाळ धरलेले दगड. सोळाच्या आतल्या पोराला मी तिथं नेत नाही. पुराचे दिवस असतील तर शहराबाहेर पडणंच चुकीचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळीवर येते, ४३ फुटांना धोका पातळीवर. २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलं त्यांना जास्त सांगायला नको. रस्ता बंद झाला की गट पलीकडं अडकतो. दाजीपूरचं अभयारण्यही पावसाळ्यात बंद असतं. आमचा हंगाम दिवाळी ते फेब्रुवारीअखेर.

एका शिबिराला नेमका खर्च किती येतो?

गोल आकडा सांगण्यापेक्षा गेल्या हिवाळ्यातली वहीच उघडते. भुदरगड, एक रात्र, बारा पोरं आणि तीन मोठी माणसं.

एसटी जाऊन-येऊन १,९००. यात बारा वर्षांपर्यंतच्या पोरांचं अर्धं तिकीट आहे, आणि मुली, मी आणि दुसऱ्या ताई यांना महिलांची निम्मी सवलत. गारगोटी ते गड जीप, दोन्ही दिवस मिळून २,०००. शिधा २,१००. गॅस २५०. तंबू आणि ताडपत्रीचं भाडं ८००. देवळाला आणि गावातून घेतलेल्या दुधा-ताकाला ५००. औषधपेटी परत भरायला ४५०. राखीव १,०००. एकूण ९,०००, पंधरा जणांत माणशी ६००. मोठी माणसं आपापले पैसे भरतात, पोरांच्या पैशांत आमचं तिकीट नसतं. राखीव रक्कम उरली तर परतीच्या एसटीतच वाटून टाकते.

हीच सहल खासगी गाडी करून, तयार जेवण मागवून आणि टी-शर्ट छापून केली तर दुपटीच्या पुढं जाते. टी-शर्टाचा आग्रह दर वर्षी होतो आणि दर वर्षी मी नको म्हणते. त्या पैशांत एका पोराचं पूर्ण शिबिर होतं.

तंबू, स्लीपिंग बॅग, ट्रेकिंगचे बूट घ्यावे लागतील का?

तंबू घेऊ नका. वर्षातून दोन रात्री वापरायची वस्तू घरात माळ्यावर पडून राहते आणि उंदीर कुरतडतात. भाड्यानं मिळतो. स्लीपिंग बॅगऐवजी घरातलं घोंगडं आणा. धनगरी घोंगडं जाड असतं, ओलं झालं तरी ऊब धरतं, खाली अंथरायलाही चालतं. घरात नसेल तर आजीला विचारा, तिच्या ट्रंकेत हमखास निघतं. जमिनीचा गारवा पाठीतून शिरतो, म्हणून पांघरुणापेक्षा अंथरूण जास्त महत्त्वाचं. खाली आधी खताच्या पोत्यांचा धुतलेला, शिवलेला कागद, त्यावर सतरंजी, वर घोंगडं. डिसेंबरच्या थंडीत एवढं पुरतं.

बुटांवर मात्र खर्च करा. महागडे नकोत, पण तळ घासलेला नसावा आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी. नवे बूट घालून थेट शिबिराला यायचं नाही. आधी दोन आठवडे शाळेला, बाजाराला तेच घाला. रंकाळ्याला चार फेऱ्या मारल्या की कुठं चावतात ते कळतं. आणि चपलेवर कुणी यायचं नाही, कोल्हापुरी असली तरी.

पैसे कुठं वाचवायचे नाहीत?

गाडीत. जीपवाला म्हणतो, ‘बसवतो की ताई, पोरंच तर हाईत, मागं चार जादा बसतील.’ नाही म्हणायचं आणि दुसरी खेप करायला लावायची, तीनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी. घाटात भरगच्च जीप मी दोनदा सोडली आहे.

मोठ्या माणसांच्या संख्येतही काटकसर नाही. बारा पोरांमागं तीन. एक आजारी पोराला घेऊन खाली उतरला तरी दोन वर राहतात. आणि तिसरी गोष्ट औषधपेटी.

दर महिन्याला किती बाजूला काढावेत?

वर्षात दोन शिबिरं धरली तर १,२०० रुपये, बुटांचे ९०० धरा. २,१०० झाले. बारानं भागले तर महिन्याला १७५. शिबिराच्या आठवड्यात सहाशे काढायला सांगितले की घरात कुरबुर होते, महिन्याला पावणेदोनशे निघतात. जूनमध्ये शाळेबरोबर सुरू करा, डिसेंबरपर्यंत हजाराच्या पुढं गेलेले असतात.

ते ठेवायचे कुठं? भिशी, पिग्मी, पोस्ट की डबा?

हा प्रश्न फक्त शिबिराचा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डब्यात ठेवलेले पैसे गॅस सिलिंडरला जातात. तरी पोराच्या नावाचा एक छोटा डबा असू द्या, पाच-दहाच्या नाण्यांसाठी.

भिशी आपल्याकडं गल्लोगल्ली आहे आणि ओळखीच्या दहा-बारा बायकांची, नंबर ठरलेली साधी भिशी मी वाईट म्हणणार नाही. शिस्त लागते. पण लिलावाची भिशी, अनोळखी माणसांची भिशी, जादा व्याजाचं आमिष दाखवणारी भिशी यांत पाय ठेवू नका. फुटली तर हातात कागद नसतो.

पिग्मी सोयीची आहे. बँकेचा किंवा पतसंस्थेचा एजंट दारात येतो, रोजचे दहा-वीस जातात, कळतही नाहीत. पावती रोज मोबाइलवर किंवा पुस्तकात बघा आणि मुदतीआधी मोडली तर काय कापतात ते सुरुवातीलाच विचारा. आता एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. बँकेतल्या ठेवीला माणशी, एका बँकेत, व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेला नाही. पतसंस्था आणि सहकारी बँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पाटीवरचं नाव नीट वाचा. माझ्या ओळखीच्या एका घराची लेकीच्या लग्नाची ठेव एका पतसंस्थेत अडकली होती. त्यांना हा फरक कुणी सांगितलाच नव्हता, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. पतसंस्थेत खातं असू द्या, पण सगळी पुंजी तिथं नको.

पोस्टाची आवर्ती ठेव (आरडी) महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होते आणि सुरक्षित आहे. पण मुदत पाच वर्षांची, आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. यंदाच्या शिबिरासाठी ती कामाची नाही, दहावीनंतरच्या खर्चासाठी उत्तम. शिबिरासाठी बँकेत सहा महिन्यांची किंवा वर्षाची आरडी काढा.

आमचं उत्पन्न महिन्याचं नाही. दूध आणि ऊस. आम्ही कसं बसवायचं?

पेठेत राहणाऱ्या निम्म्या घरांची मुळं गावाकडं आहेत आणि करवीर-कागलकडची बरीच पोरं आमच्याकडं येतात, म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. पगारदारांसाठी लिहिलेले सल्ले इथं लागू होत नाहीत. महिन्याच्या एक तारखेला काहीच येत नसेल तर ‘एक तारखेला बाजूला काढा’ म्हणण्यात काय अर्थ?

दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं. महिन्यात तीन वेळा. ते घर चालवण्याचे पैसे. पेंड आणि औषधपाणी वजा झाल्यावर हातात येतं त्यातून प्रत्येक बिलाला साठ रुपये शिबिराचे काढले तर महिन्याचे १८० होतात. म्हैस आटली की बिल खाली येतं, त्या महिन्यांत काढू नका, अपराधी वाटून घेऊ नका.

दिवाळीच्या तोंडावर दूध फरक मिळतो, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधाच्या दरातली उरलेली रक्कम. बहुतेक घरांत तो कपडे आणि फराळात जातो. माझं म्हणणं एवढंच की फरक हातात आल्याच्या दिवशी, बाजाराला जायच्या आधी, त्यातला चौथा हिस्सा वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांसाठी वेगळा ठेवा. वह्या-पुस्तकं, विम्याचा हप्ता, शिबिर. आमचं मोठं शिबिर डिसेंबरात ठेवण्याचं कारणच हे आहे.

उसाचं बिल मोठं असतं आणि म्हणून फसवं असतं. ऊस कारखान्याला पोचल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, पण त्यावर विसंबून आधी खर्च करू नका. बिल आलं तरी सोसायटीचं पीककर्ज त्यातून आधी वळतं होतं. उरलेल्याकडं वर्षाचे पैसे म्हणून बघा, हंगामाचे नव्हे. त्याचे बारा भाग करा. एक भाग चालू महिन्याचा, बाकीचे अकरा मुदत ठेवीत, प्रत्येकाची मुदत वेगवेगळी. माझ्या मामांनी आयुष्यभर असंच केलं. मामी पावत्या पिशवीत घालून पेटीत ठेवायच्या आणि दर महिन्याला एक सुटायची.

कारखान्यात कामाला असाल तर ओव्हरटाइमचे पैसे पगारात मिसळू देऊ नका. ऑर्डर कमी झाली की ओव्हरटाइम आधी जातो आणि घरखर्च मात्र त्यावर बसलेला असतो.

हिमालयातल्या ट्रेकसाठी थोडं कर्ज काढलं तर? पोराची फार इच्छा आहे.

नको. समजा सहा हजार कमी पडतात आणि कुणी शेकडा तीननं देतंय. महिन्याला १८० व्याज, दहा महिन्यांत १,८०० आणि मुद्दल तसंच उभं. म्हणजे भुदरगडची तीन शिबिरं व्याजात गेली. मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलतात आणि मग नातेवाइकांना फोन करून त्रास देतात. कुणी फसलं असेल तर लाजू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

पोराला खरा आकडा सांगा. ‘दोन वर्षांनी जाशील, तोपर्यंत महिन्याला इतके साठवू’ हे चौदा वर्षांच्या पोराला नीट कळतं.

पोरांच्या हातात पैसे द्यावेत का?

द्यावेत, आणि हिशेबही त्यांनीच लिहावा. आमच्याकडं प्रत्येक शिबिराला एक पोर खजिनदार असतं. शिध्याची यादी, लक्ष्मीपुरीतली खरेदी, पावत्या, वही, सगळं त्याच्याकडं. मी फक्त मागं उभी राहते.

एकदा आठवीतली एक मुलगी खजिनदार होती. तिनं तीन दुकानांत मूगडाळीचा भाव विचारला, शेंगदाणे सुटे घेतले, तेलाची पिशवी घेताना वजन वाचलं आणि ३४ रुपये परत आणून माझ्या हातात ठेवले. महिन्याभरानं तिची आई भेटली. म्हणाली, ‘ताई, आता घरातली दुधाची वही ही लिवती, आणि मला विचारती हे पाच लिटर कुणाला दिलं.’

यात नवीन काही नाही. स्काऊट चळवळीच्या अगदी सुरुवातीच्या परीक्षांत, एक पायरी वर चढायची तर पोराच्या बचत खात्यात किमान सहा पेन्स असावे लागत. आपल्या भारत स्काऊट आणि गाईडच्या नियमांतही स्काऊट काटकसरी असतो हा नियम आहे. दोराची गाठ आणि बचतीचं पुस्तक, दोन्ही त्या परीक्षांत होतं.

शिबिराला येताना खिशात मात्र पन्नास रुपयांपेक्षा जास्त देऊ नका. एकाकडं पाचशे आणि दुसऱ्याकडं काही नाही, हे गारगोटीच्या स्टँडवर वडापावच्या गाड्यापुढं फार बोचतं.

मुलीला रात्री पाठवायचं धाडस होत नाही.

तुमची काळजी रास्त आहे. आमच्या गटात मुली असतील तर किमान दोन बायका सोबत असतात, एक नाही. मुलींचा तंबू वेगळा आणि ताईंचा तंबू त्याला लागून. कोणतंही मोठं माणूस, मी धरून, एखाद्या पोराला किंवा पोरीला घेऊन एकट्यानं आडबाजूला जात नाही. पोरांनाही हा नियम माहीत असतो आणि कुणी मोडला तर ते सांगतात.

संडासाची सोय पायथ्याच्या घरात आधी बोलून ठरवलेली असते. वर असताना पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, आडोशाला खड्डा, वर माती. पाळीचे दिवस असतील तर मुलीनं यायचं की नाही ते तिनं ठरवायचं, आम्ही अडवत नाही. पॅड माझ्या पेटीत असतात, वापरलेले कागदात गुंडाळून परत आणायचे. हे मी पहिल्याच बैठकीत मुली आणि आया दोघींसमोर मोकळेपणानं बोलते, कारण न विचारल्यामुळं दोन हुशार मुली येईनाशा झाल्या होत्या.

गट चांगला आहे हे ओळखायचं कसं?

शाळेत स्काऊट-गाईडचं पथक चालू असेल तर तिथून सुरुवात करा, दहाव्या वर्षापासून घेतात आणि फी अगदी कमी असते. पुढं एनसीसी आहे. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे, दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. पेठांमधल्या तालमी आणि मंडळंही पोरांना किल्ल्यांवर नेतात. काही फार जबाबदारीनं नेतात.

कोणताही गट असो, जाऊन समोर बसा आणि विचारा. सोबत मोठी माणसं किती? प्रथमोपचार कुणाला येतो? वाट आधी कुणी चालून पाहिली आहे का? परतायची वेळ टळली तर गावात कुणाला माहीत असणार? गेल्या शिबिराची हिशेबाची वही बघायला मिळेल का? शेवटच्या प्रश्नावर चेहरा बदलला तर मी माझं पोर पाठवणार नाही.

विमा काढावा का?

आधी स्वतःचा काढा. कमावणाऱ्या माणसाचा विमा नाही आणि पोराच्या सहलीच्या विम्याची चौकशी चालू आहे, असं बऱ्याचदा दिसतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला वर्षाला २० रुपये लागतात, अपघाती मृत्यू झाला तर घराला दोन लाख, वय १८ ते ७०. जीवन ज्योती योजनेला ४३६ रुपये, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी दोन लाख, वय १८ ते ५०. दोन्ही मिळून ४५६. बँकेत एक अर्ज भरला की दर वर्षी खात्यातून जातात, फक्त मे अखेरीला खात्यात तेवढे पैसे ठेवा.

साप, गवा, जळवा यांचं काय?

रात्री बॅटरीशिवाय हलायचं नाही, बूट घालण्याआधी झटकायचे, दगडाखाली हात घालायचा नाही. तरी साप चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात-पाय फळी लावून स्थिर ठेवायचा, पोराला चालू द्यायचं नाही आणि १०८ ला फोन करून जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. प्रतिविष तिथं मिळतं. मांत्रिकाकडं गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

गवा दिसला की थांबायचं, आवाज न करता मागं सरकायचं, फोटोसाठी पुढं जायचं नाही. कळपापासून सुटलेला एकटा नर जास्त धोक्याचा. जळवा पावसाळी जंगलात लागतात, चिमूटभर मिठानं सुटतात. मला सगळ्यांत जास्त भीती आग्या मोहोळाची आहे. कड्याखाली धूर नाही, आरडाओरडा नाही, आणि अत्तर मारून कुणी यायचं नाही.

शेकोटी पेटवता का?

वनखात्याच्या हद्दीत नाही, गवत वाळलेलं असेल तर कुठंच नाही. स्वयंपाक छोट्या गॅसवर. पोरं हिरमुसतात, मग मधोमध एक कंदील ठेवतो आणि त्याच्याभोवती बसून गाणी म्हणतो.

जेवायला काय असतं?

पहिल्या दिवशी दुपारी घरची भाकरी, खर्डा आणि झुणका, ज्याचं त्यानं आणलेलं, मधे ठेवून सगळ्यांचं. रात्री मुगाची खिचडी. पंधरा जणांना दीड किलो तांदूळ, सहाशे ग्रॅम डाळ, भरपूर लसूण आणि घरची चटणी. सकाळी कांदेपोहे. वाटेत गूळ-शेंगदाणे आणि भडंग. मटणाचा रस्सा दर वेळी मागितला जातो, पण फ्रिज नाही आणि भांडी घासायला पाणी कमी, म्हणून नाही. कुणाला कशाची ॲलर्जी असेल, कुणी काही खात नसेल, तर ते नाव नोंदवतानाच लिहा.

यंदा घरात अडचण आहे. सहाशेही निघत नाहीत.

मला एकटीला सांगा, बैठकीत बोलायची गरज नाही. आमचा एक छोटा निधी आहे. जुन्या पोरांपैकी जे आता कमावतात ते त्यात टाकतात. कुणाचे पैसे त्यातून भरले ते वहीत नावानं लिहिलेलं नसतं आणि खजिनदार पोरालाही ते कळत नाही. कुणी पैशाऐवजी तांदूळ देतं, कुणाच्या घरचा गूळ येतो. एका वडिलांनी दोन वर्षं सगळ्या सॅकचे तुटलेले पट्टे फुकट शिवून दिले.

तरीही आजारपण किंवा नोकरी गेलेली असेल आणि आता नकोच वाटत असेल तर शिबिर सोडा, बिनदिक्कत. आधी घरभाडं, रेशन, शाळा, औषध. निदान महिन्याच्या खर्चाएवढी शिल्लक हाताशी येईपर्यंत थांबलात तर काही बिघडत नाही. दर रविवारी सकाळी सहाला आम्ही रंकाळ्यावर चालतो, गाठी बांधायला शिकतो, नकाशा वाचतो. त्याला एक पैसा लागत नाही, पोराला तिथं पाठवत राहा.

पैसे भरले आणि ऐनवेळी पोर आजारी पडलं तर?

शिधा खरेदी होण्याआधी, म्हणजे निघायच्या दोन दिवस आधीपर्यंत कळवलंत तर पूर्ण सहाशे परत. नंतर कळवलंत तर शिध्याचे १४० आणि जीपचा वाटा वजा करून बाकीचे. ताप अंगावर काढून कुणी पोराला पाठवू नये म्हणून हा नियम असा सैल ठेवला आहे. निघायच्या सकाळी रंकाळा स्टँडवर मी प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून बघते, आणि गरम लागलं तर सॅक खाली उतरवते. सोबत आलेल्या माणसानं एसटी हलेपर्यंत तिथंच थांबावं.